चेंडू हातात, ताल अंगात



आपल्या बमरोलीत लहान मुलांचा संगीतवर्ग चालवायचा म्हटलं की अडचणी ठरलेल्या. जागा कमी, वाद्यं त्याहून कमी, आणि आजूबाजूला लूमच्या खात्यांची अखंड खटखट. मी दर रविवारी सकाळी सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये सात ते दहा वर्षांच्या मुलांना गाणं शिकवते. पेटी एकच आहे, तबला मोबाईलमधला. पण प्रत्येक मूल येताना घरून एक वस्तू नक्की आणतं, ती म्हणजे चेंडू. "गाण्याच्या क्लासला चेंडू कशाला?" असं बऱ्याच पालकांनी विचारलं, म्हणून हा लेख.

ताल शिकवायची आपली नेहमीची पद्धत म्हणजे हातावर टाळी देत मात्रा मोजणं. मोठ्यांना ती जमते. लहान मुलं मात्र पाढे म्हणावेत तशा मात्रा म्हणतात. तोंड पुढे पळतं आणि हात मागे राहतो. घाई झाली आहे, हे मुलाला कळतच नाही, कारण टाळी त्याचीच आणि मोजणंही त्याचंच. चेंडूचं तसं नाही. साधारण एक मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदाला किंचित कमी वेळात जमिनीवर पोहोचतो. सोडणारा किती का उतावळा असेना, चेंडू आपल्याच वेळेला खाली येतो. लय म्हणजे काय, ते इथे मुलाला हातात जाणवतं.

टप्पा, झेल आणि खाली

सुरुवात केरव्याने करावी. आठ मात्रा, चार-चारचे दोन विभाग, पहिल्या मात्रेला टाळी आणि पाचवीला खाली. मी ॲपवर मिनिटाला १२० मात्रांची लय लावते. पहिल्या मात्रेला टप्पा, दुसरीला झेल, तिसरी-चौथीला चेंडू छातीशी. पाचव्या मात्रेला टप्पा द्यायचा नाही. तळहात उघडा करून त्यावर चेंडू नुसता ठेवायचा आणि आठवीपर्यंत धीर धरायचा. खालीला आपण हात उघडा करून दाखवतो, तेच इथे चेंडूसकट होतं. दादऱ्यात मात्रा सहा, पहिलीला टप्पा आणि चौथीला खाली. सुरतेच्या मुलांना हा झोका मुळीच नवा नाही, कारण गरब्याची हींचसुद्धा सहा मात्रांचीच.

यातली खरी गंमत मुलांच्या आपोआप लक्षात येते. टप्पा पहिल्या मात्रेवर पडायला हवा असेल, तर चेंडू त्याआधीच्या मात्रेला हातातून सुटायला हवा. मोठे कलाकार समेवर अचूक येतात, कारण त्यांची तयारी सम येण्याआधीच सुरू झालेली असते. ही गोष्ट नुसती सांगून सात वर्षांच्या मुलाला पटत नाही. दोनदा टप्पा चुकला की पटते.

दुगुण दाखवायची असेल तर उंची अर्धी करून भागत नाही, पाव करावी लागते. एक मीटरवरून पडायला लागणाऱ्या वेळेच्या निम्मा वेळ हवा, तर चेंडू पंचवीस सेंटिमीटरवरून सोडायचा. मुलं गुडघ्यांवर बसून हे करून बघतात आणि विज्ञानाचा एक धडाही त्यातच उरकतो. थोडी मोठी मुलं असली तर रूपक घ्यावा. सात मात्रा, तीन-दोन-दोन असे विभाग, आणि या तालाची समच खाली असते. म्हणजे पहिल्या मात्रेला चेंडू तळहातावरच. "ताई, हा ताल उलटा आहे!" हे वाक्य दर वर्षी कुणी ना कुणी म्हणतंच.

गोलात बसून

दुसरा खेळ गोलात बसून करायचा. प्रत्येकाच्या पुढ्यात एक चेंडू. टाळीच्या मात्रेला उचलायचा, खालीच्या मात्रेला उजवीकडच्या पुढ्यात ठेवायचा. एकाने घाई केली की शेजाऱ्याच्या पुढ्यात दोन चेंडू जमतात, एक रेंगाळला की पुढचा रिकाम्या हाताने बसतो. कुणी कुणाला रागवावं लागत नाही. मुलं आपसूक एकमेकांकडे बघायला आणि ऐकायला लागतात. स्वरासाठी याहून सोपा खेळ आहे. समोरच्याकडे चेंडू घरंगळत सोडायचा आणि तो पोहोचेपर्यंत एकाच श्वासात 'सा' धरायचा.

वर्गात आठ वर्षांचा एक मुलगा आहे. पहिल्या दिवशी त्याची आजी म्हणाली, "ताई, याला गाणं-बिणं जमायचं नाही, नुसता बसू द्या." तो खरोखरच पहिले दोन रविवार कडेला बसून होता. तिसऱ्या रविवारी गोलात एक जागा रिकामी होती, तिथे येऊन बसला. त्याचा सूर अजून डगमगतो. पण खालीला सगळ्यात शांत हात त्याचाच असतो, आणि समेला तो चुकत नाही. आपण सातव्या-आठव्या वर्षीच मुलांवर 'याला ताल नाही' असा शिक्का मारतो, आणि मग ते मूल जन्मभर टाळ्यासुद्धा बिचकत वाजवतं. मला खरी काळजी याची वाटते.

जुनीच गोष्ट

शरीरातून ताल शिकवण्याची पद्धत युरोपात एमिल जॅक-डालक्रोझ यांनी रुजवली. जिनिव्हाच्या संगीतशाळेत शिकवताना त्यांना दिसलं की विद्यार्थ्यांची बोटं तयार आहेत, पण लय अंगात नाही. मग त्यांनी मुलांना चालायला, थांबायला, हात हलवायला लावून संगीत शिकवलं. १९१५ मध्ये जिनिव्हात त्यांची संस्था उभी राहिली. त्यांच्या पद्धतीच्या वर्गांत आजही चेंडू असतो. जर्मनीत कार्ल ऑर्फ यांनीही हालचाल, बोल आणि वाद्य यांची अशीच सांगड घातली.

आपल्याकडे याला कधी पद्धत असं नाव दिलं नाही, इतकंच. सागरगोटे आठवा. वर उडवलेला खाली येईपर्यंत बाकीचे उचलायचे. खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी टिपऱ्यांवर म्हणतात, तेव्हा ताल हातातच असतो. लेझीमही तशीच.

आणि मुलांना शिस्तीत संगीत शिकवायची परंपरा तर आपल्या दारातच आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून बडोद्याच्या गादीवर आलेल्या सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा काढली. पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये भरली, तीही बडोद्यातच.

घरी करायचं असेल तर

मुलाच्या एका हातात मावेल असा मऊ चेंडू घ्या. टेनिसचा चांगला, त्याचा टप्पा भरवशाचा असतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर खालच्या मजल्यावरच्यांचा विचार करा आणि चिंध्यांचा चेंडू बांधा. सुरतेत चिंध्यांना काय तोटा! त्याचा टप्पा पडत नाही, म्हणून वर उडवून झेलायचा आणि झेल मात्रेवर यायला हवा. रोज दहा मिनिटं पुरेत. पहिला आठवडा फक्त केरवा. मूल चुकलं तर मोजून दाखवू नका, चेंडू पुन्हा त्याच्या हातात द्या.

आणि एक विनंती. आई-बाबांनीही एक चेंडू घेऊन समोर बसावं. दिवसभर कामाच्या मागे धावणाऱ्या आपल्यालाही खालीच्या मात्रेला थांबायची सवय तशी कमीच आहे.