काच फुटली, पण बोलणी तुटली नाहीत

घरबसल्या फोनवरून माल विकता येतो, हे आता वस्तीवस्तीत माहीत झाले आहे. पण परदेशातून मागवलेला माल फुटका निघाला, तर कुणाच्या दारात जाऊन भांडायचे? हा प्रश्न आम्हा दोघी जावांपुढे उभा राहिला, तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली होती. त्यातून जे शिकलो ते इतर भगिनींच्या कामी यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

भिशीचे पैसे उचलून आम्ही काचेच्या फोटोफ्रेम मागवल्या. चीनच्या चच्यांग प्रांतात यिवू नावाचे शहर आहे. घरगुती वस्तूंची फार मोठी घाऊक बाजारपेठ तेथे आहे. तेथला माल निंगबो बंदरातून जहाजाने न्हावाशेव्याला येतो. आमच्या ३०० फ्रेम अशाच आल्या. खोकी उघडली, तर ४१ फ्रेमच्या काचा फुटलेल्या! उरलेल्या विकायला काढल्या, त्यांतल्याही काही गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत तडकल्या आणि परत आल्या. जाण्याचे कुरिअर आमचे, येण्याचेही आमचेच. भिशीचा हप्ता मात्र कुणासाठी थांबत नाही.

आम्ही रागाने कारखान्याला लिहिले, "तुमचे पॅकिंग वाईट आहे, सुधारा." उत्तर आले, "सगळ्या देशांना हेच पॅकिंग जाते." विषय संपला!

मामांनी दिलेला धडा

आमचे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणतो, एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात जन्मभर राबले. ते म्हणाले, "वाईट म्हणजे काय, पोरींनो? कारखान्याला माप कळतं, राग कळत नाही."

त्यांनी फुटक्या फ्रेम ओट्यावर मांडायला लावल्या. ४१ पैकी ३३ कोपऱ्यातून तडकल्या होत्या. खोका ४० बाय ३० बाय १० सेंटिमीटरचा आणि फ्रेम त्याहून बरीच लहान. आत ती खुळखुळ्यासारखी हलत होती.

मग मामांनी कुरिअरच्या पावत्या काढायला सांगितल्या. बहुतेक कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात आणि ५,००० ने भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनाहून जास्त असेल, तर त्याच किलोचे पैसे घेतात. आमच्या खोक्याचा आकडा २.४ किलो निघाला, फ्रेम मात्र किलोभरही नव्हती. ३६ बाय २८ बाय ५ चा खोका केला, तर हाच आकडा साधारण १ किलोवर येतो. म्हणजे मोठा खोका काचही फोडत होता आणि आमचा खिसाही कापत होता.

पुन्हा बोलणी

दुसरे पत्र वेगळे लिहिले. फुटक्या फ्रेमचे फोटो, त्यांची मोजदाद आणि तीनच मागण्या : खोका लहान करा, चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या घाला, बाहेरचा मोठा खोका फाइव्ह-प्लाय द्या. चीनचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. म्हणून सकाळी साडेसहाला, नळाला पाणी येण्याच्या वेळीच आम्ही उत्तरे लिहीत असू.

तिकडच्या बाईंनी कळवले, "नवा छापील खोका किमान १,००० नग घ्यावा लागेल आणि नगामागे ३ युआन जादा पडतील." आम्ही घाबरलो नाही. लिहिले, "छपाई नको, साधा तपकिरी खोका चालेल. लहान खोक्याला पुठ्ठा कमी लागेल, मोठ्या खोक्यात नग जास्त मावतील. ती बचत हिशेबात धरा. पुढची ऑर्डर आम्ही ५०० ची देऊ." चार-पाच पत्रांनंतर नगामागे १ युआनवर तडजोड झाली.

मात्र शब्दावर विसंबलो नाही. आधी नमुना मागवला. कमरेइतक्या, म्हणजे सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवरून तो दहा वेळा पाडला : एकदा कोपऱ्यावर, तीन वेळा कडांवर, सहा वेळा सहाही बाजूंवर. पहिला नमुना पहिल्याच आपटीत तडकला. टोपी जाड करून घेतली, तेव्हा दुसरा टिकला. त्याचे फोटो आणि मापे ऑर्डरच्या कागदात घातली. ३० टक्के आगाऊ दिले, ७० टक्के पॅकिंगचे फोटो पाहिल्यावर.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. चिनी नववर्षाला, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, तिकडचे कारखाने काही आठवडे बंद असतात. बदल त्याआधीच पक्का करावा. दुसरी गोष्ट लेबलाची. २०११ च्या वजनमाप नियमांप्रमाणे आयात पाकिटावर आयातदाराचे नाव-पत्ता, मालाचा देश, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. लेबलाचा मजकूर आपण लिहून पाठवावा व तिकडेच चिकटवून घ्यावा.

दुसऱ्या खेपेला ५०० पैकी ३ फ्रेम फुटल्या. भिशी फिटली.

भगिनींनो, समोरचा कारखाना कितीही मोठा असो, आपण काही भीक मागत नसतो. पैसे मोजून माल घेत असतो. फक्त तक्रारीच्या जागी माप ठेवा, आणि बोललेले कागदावर घ्या. घरात कुणी जन्मभर कारखान्यात राबले असेल, तर आधी त्यांना विचारा. त्यांच्या हातात जे ज्ञान आहे, ते विकत मिळत नाही.