परदेशातून आणलेले मांस व मासळी : पशुपालकांनी घ्यावयाची खबरदारी

आखाती देशांत अथवा अन्यत्र नोकरीस असलेली गावची मंडळी सुटीवर येताना घरच्यांसाठी खाऊ आणतात. त्यात गोठवलेले मांस, सॉसेजेस किंवा मासळी असण्याचा संभव असतो. असे पदार्थ आणण्यावर शासनाने निर्बंध घातले आहेत. त्यामागील मुख्य हेतू देशातील पशुधनाचे रक्षण हा आहे.

लाळ्या-खुरकूत रोगाचेच उदाहरण घ्या. जनावर कापल्यानंतर मांसात आम्ल तयार होते व ते या रोगाच्या विषाणूचा नाश करते. परंतु हाडांतील मगज, रसग्रंथी व आतील अवयव यांत हे आम्ल पुरेसे तयार होत नाही. मांस लगेच गोठविल्यास विषाणू दीर्घकाळ टिकतो. बर्फाने तो मरत नाही, उलट सुरक्षित राहतो.

आपल्या देशात जनावरांना दिली जाणारी लस ओ, ए व एशिया-१ या तीन प्रकारांवर आहे. आफ्रिकेत आढळणारे सॅट प्रकार यांहून भिन्न असून त्यांच्यापासून या लशीने संरक्षण मिळत नाही. २०२३ साली सॅट-२ हा प्रकार इराक व जॉर्डनमध्ये आढळला. असा विषाणू हाडासोबत उकिरड्यावर आला, तर लस टोचलेले जनावरही निर्धास्त राहणार नाही. खनिजांची उणीव असलेली गुरे हाडे चघळतात, हे पशुपालकांस ठाऊक आहेच.

ब्रिटनमध्ये २००१ साली हा रोग पसरला, तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. नीट न शिजविलेले खरकटे डुकरांना घातल्याने रोग शिरला असावा, असे तेथे मानले गेले. डुकरांचा आफ्रिकन ज्वर आपल्या देशात २०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळला. त्याचा विषाणू खारवलेल्या मांसातही कित्येक महिने टिकतो. तो माणसास बाधत नाही. म्हणून खाणारा निश्चिंत राहतो आणि हानी डुकरांची होते.

मासळीचेही असेच आहे. कोळंबीवरील पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू गोठवलेल्या कोळंबीत जिवंत राहतो. तिची डोकी व कवचे खाडीत टाकणे अथवा गळाला आमिष म्हणून लावणे किनाऱ्यावरील कोळंबी तळ्यांस घातक ठरू शकते.

नियम थोडक्यात असे आहेत. परदेशी पशुजन्य पदार्थ आणण्यासाठी केंद्र शासनाच्या पशुसंवर्धन खात्याचा आरोग्यविषयक आयात परवाना आगाऊ घ्यावा लागतो. मांस, मासळी, दुग्धजन्य व कुक्कुटजन्य पदार्थ सोबत असल्यास विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे ते जाहीर करावेत व तांबड्या मार्गाने जावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी समजावून द्याव्यात :

१. परदेशी असलेल्या नातलगांस मांस व मासळी न आणण्याविषयी आधीच कळवावे.

२. असा पदार्थ घरात आलाच असेल, तर त्याची हाडे, खरकटे व धुवण गोठ्याजवळ अथवा पाण्यात टाकू नये, खोल पुरावे.

३. हॉटेलातील खरकटे न उकळता डुकरांना घालू नये.

४. जनावराच्या तोंडात वा खुरांत फोड दिसताच, अथवा डुकरे एकाएकी मरू लागल्यास, ती वेगळी ठेवून नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. बाजारात नेऊ नयेत.

नातलगांस वेळीच धाडलेला निरोप पुढे गोठाभर जनावरे वाचवू शकतो.