सहलीचा खर्च आणि विश्रांतीचा हिशेब

तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे गाव लहान असले, तरी गोंदिया-भंडारा भागातील नोकरदार कुटुंबांना ते दोन कारणांनी परिचित आहे. एक म्हणजे तेथील विस्तीर्ण तलाव आणि दुसरे म्हणजे नागझिरा अभयारण्यात शिरण्याचे तेथील प्रवेशद्वार. भातशेतीला पाणी मिळावे म्हणून बांधलेल्या या तलावाच्या काठी हिवाळ्यातील रविवारी एखादे शिक्षकाचे किंवा कारकुनाचे कुटुंब शिदोरी सोडून बसते आणि दिवस मावळण्यापूर्वी परतते. याच घरातील मुलांना आता पाळणे, घसरगुंड्या आणि कृत्रिम लाटांचे करमणूक उद्यान हवे असते. हा हट्ट पुरवावा की नाही, हा प्रश्न वरकरणी घरगुती वाटतो. परंतु त्यात अर्थशास्त्राची काही मूलभूत तत्त्वे दडलेली आहेत.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील अनाहिम येथे १९५५ च्या जुलै महिन्यात डिस्नेलँड सुरू झाले आणि या व्यवसायाला आजचे रूप आले. मुंबईजवळ गोराई येथे १९८९ साली एस्सेलवर्ल्ड आणि खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका ही त्याच वाटेवरील उद्याने उभी राहिली. डिस्नेलँडमध्ये अनेक वर्षे प्रत्येक खेळासाठी स्वतंत्र तिकीट फाडावे लागे; १९८२ साली ती पद्धत बंद होऊन एकाच प्रवेशमूल्यात सर्व खेळ खुले झाले. प्रवेशाला किती आकारावे आणि प्रत्येक खेळाला किती, या कोड्यावर वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली एक प्रबंधच लिहिला. आता बहुतेक ठिकाणी एकदाच पैसे भरावयाचे आणि मग हवे तितके खेळावयाचे, अशी व्यवस्था असते.

ही व्यवस्था ग्राहकाला उदार भासते. परंतु जी वस्तू दुर्मिळ आहे आणि जिला भाव नाही, तिचे वाटप दुसऱ्या कोणत्या तरी मार्गाने व्हावेच लागते. येथे ते काम रांग करते. खेळाची किंमत रुपयांऐवजी मिनिटांत मोजावी लागते, इतकाच फरक. सुटीच्या दिवशी जे कुटुंब येते, त्याच्यासारखीच शेकडो कुटुंबे त्याच दिवशी मोकळी असतात. म्हणून ज्यांना आठवड्यातून एकच सुटी मिळते, त्यांनाच रांगेची किंमत सर्वांत अधिक पडते. त्यातच बहुतेक उद्यानांत घरचे खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत. तेव्हा एकदा आत शिरलेल्या भुकेल्या माणसापुढे विक्रेता मक्तेदारच ठरतो.

याहून मोठा फटका मात्र कुटुंब स्वतःच स्वतःला देते. प्रवेशमूल्य एकदा भरले की ते परत मिळत नाही; तेव्हा पुढचा निर्णय त्याच्या विचाराने घेऊ नये, असे अर्थशास्त्र सांगते. प्रत्यक्षात नेमके उलट घडते. दुपार कलते, धाकटे मूल रडू लागते, आजोबांचे पाय भरून येतात. पण पैसे वसूल झाले नाहीत म्हणून कोणीही उठत नाही. गेलेले पैसे वसूल करण्याच्या नादात राहिलेला दिवसही घालविला जातो. विश्रांतीसाठी निघालेले कुटुंब कारखान्यातील पाळीप्रमाणे एक खेळ आटोपून दुसऱ्याकडे धावत राहते.

आता असे कोणी म्हणेल की, त्यापेक्षा चोरखमाऱ्याचा तलावकाठ बरा. तेथे रांग नाही. हे खरे; पण अर्धेच खरे. तलावावरील सहलीचा खर्च थोडा दिसतो, याचे कारण त्यातील सर्वांत मोठी बाब हिशेबात धरलीच जात नाही. भल्या पहाटे उठून पोळ्या लाटणारी, डबे भरणारी, काठावर सर्वांना वाढणारी आणि रात्री घरी आल्यावर तीच भांडी घासणारी घरातील गृहिणी त्या दिवशी सुटीवर नसते. तिच्या श्रमाला मजुरी नाही, म्हणून सहल स्वस्त ठरते. उद्यानातील महागडे जेवण निदान तिला चुलीपासून एक दिवस मोकळे करते, ही गोष्ट त्या जेवणाच्या किमतीवर टीका करणाऱ्यांनी विसरू नये.

शिवाय वसुलीची वृत्ती केवळ उद्यानातच असते असेही नाही. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाले. तेव्हापासून वनसहलीला आलेल्या पुष्कळांना वाघ हा तिकिटात धरलेला खेळ वाटतो. तो दिसला नाही की पैसे फुकट गेले, अशी तक्रार होते; आणि सागाचे उंच वृक्ष, चितळांचे कळप, पाखरांचा गलबला, सारे काही डोळ्यांसमोर असूनही जमेस धरले जात नाही.

तेव्हा प्रश्न उद्यान की तलाव असा नसून, त्या दिवसाचा हिशेब कोणत्या मापाने करावा असा आहे. मुलांना पाळण्यांचा आनंद हवा असेल, तर तो द्यावा; पण त्यांनी दोन-चार खेळ निवडावेत, आणि म्हातारी माणसे व लहान मुले थकताच, पैसे गेले असे समजून, घराची वाट धरावी. तलावावर जावयाचे असेल, तर आदल्या रात्रीची तयारी आणि नंतरची भांडी ही कामे घरातील सर्वांनी वाटून घ्यावीत, आणि उष्ट्या पत्रावळी काठावर टाकून आपला खर्च गावकऱ्यांच्या माथी मारू नये.

राष्ट्राच्या उत्पन्नाविषयी बोलताना ते किती आहे याबरोबरच त्याचे वाटप कसे होते, हेही विचारले जाते. कुटुंबाच्या सुटीलाही हाच न्याय लावला पाहिजे. सहलीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, घरातील सर्वांत थकलेले माणूस कोण आहे, हे पाहावे. प्रत्येक खेपेस ते एकच असेल, तर सहल कितीही स्वस्तात झालेली असो, तिची किंमत त्या एकट्यानेच मोजलेली असते.