शटर बंद, गप्पा चालू!

कट्ट्यावर गप्पा रंगल्या की कुणीतरी म्हणतंच, ‘यार, यावर पिक्चर निघेल!’ पुढे काहीच होत नाही. कारण ठरलेलं, पैसे नाहीत.

केविन स्मिथकडेही नव्हते. न्यू जर्सीतल्या ‘क्विक स्टॉप’ दुकानात तो काउंटर सांभाळायचा. फिल्म स्कूल अर्ध्यात सोडून त्याने फी वाचवली, जपलेली कॉमिक्स विकली, क्रेडिट कार्डं पार रिकामी केली. वय २२. पिक्चर आपटला असता तर त्याच काउंटरवर उभं राहून कर्ज फेडणं आलं.

लोकेशन फुकट, तेच दुकान. पण दिवसा गिऱ्हाइकं, म्हणून शूटिंग रात्री. मग पडद्यावर दिवस कसा दाखवायचा? पठ्ठ्याने कथेतच शटर अडकवलं! कुणीतरी कुलपात च्युइंगम कोंबलंय, शटर उघडतच नाही. लायटिंगचा खर्च वाचवायला ब्लॅक अँड व्हाइट. उरलं काय? सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलेला दांते, त्याचा दोस्त रँडल आणि दिवसभराची बडबड.

ही बडबड उत्स्फूर्त वाटते, पण ती आधी कागदावर उतरली होती. दांते दिवसभर रडगाणं गातो. शेवटी रँडलच त्याला सुनावतो, की तुला इथे कुणी बांधून ठेवलेलं नाही. खरा पिक्चर तिथे आहे.

२७,५७५ डॉलरमध्ये झालेला ‘क्लर्क्स’ १९९४मध्ये सनडान्स महोत्सवात गाजला.

कॅमेरा आज प्रत्येकाच्या खिशात आहे. तेव्हा पुढच्या वेळी कट्ट्यावर एखादा दोस्त तोंडावर खरं बोलून गेला, तर रुसू नका. घरी जाऊन आधी ते लिहून काढा.