अशक्तपणा आणि सलाईनची बाटली

"डॉक्टर, अंगात त्राण नाही, एक बाटली लावा." ही मागणी माझ्याकडे रोज होते. बाटलीने ताकद येते, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. म्हणून ताकद नेमकी कोठे तयार होते, ते आज पाहू.

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींत सूक्ष्म भट्ट्या असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात, इंग्रजीत मायटोकॉन्ड्रिया. अन्नातील साखर व चरबी यांचे प्राणवायूच्या साहाय्याने ज्वलन करून त्या ऊर्जा निर्माण करतात. हृदय, यकृत व स्नायू यांच्या पेशींत त्या फार मोठ्या संख्येने असतात.

आता बाटलीचा हिशेब करू. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत साखर असते 25 ग्रॅम, म्हणजे सुमारे पाच चमचे. तिची ऊर्जा जेमतेम एका पोळीएवढी! नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये तर तेवढीही नाही. जुलाब-उलट्यांनी शरीर सुकले असेल तर सलाईन जीव वाचवते. एरवीच्या थकव्यावर ते औषध नव्हे.

बहुधा इंधन पुरेसे असते, बिघाड ज्वलनात असतो. रक्त कमी असेल तर भट्टीला प्राणवायू अपुरा पडतो. शिवाय भट्टीच्या कामालाही लोह लागतेच. थायरॉइड मंदावली की ज्वलनही मंदावते. मधुमेहात साखर रक्तात साचते, पण इन्शुलिनचे काम नीट होत नसल्याने स्नायूंना ती पुरेशी वापरता येत नाही. अशा रुग्णाला तपासणीविना ग्लुकोज चढवणे म्हणजे आगीत तेल ओतणे. हृदय कमकुवत असेल तर जादा पाण्याने फुफ्फुसात पाणी साठून जिवावर बेतू शकते.

म्हणून थकवा दोन-तीन आठवडे टिकला, तर आधी हिमोग्लोबिन, साखर व थायरॉइड तपासून घ्या. धाप लागत असेल किंवा पायांवर सूज असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

तपासणीत काहीच दोष न निघाल्यास बैठे जीवन हेही कारण असू शकते. वापर नसला की स्नायूंतील तंतुकणिका घटतात, श्रमाने वाढतात. 1967 साली अमेरिकेत जॉन होलोझी या शास्त्रज्ञाने उंदरांना काही आठवडे पळवले, तेव्हा त्यांच्या स्नायूंची ज्वलनक्षमता जवळजवळ दुप्पट झाली. माणसांतही नियमित व्यायामाने ती वाढते, असे पुढे दिसून आले.

तेव्हा रोज अर्धा तास भरभर चाला. सुरुवातीला दमायला होईल, तेव्हा थोड्यापासून आरंभ करून हळूहळू वाढवा. हृदयविकार असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारा.