मिठाच्या कागदावर मानमंदिर

बाजारच्या फोटोपेपरवर आधीच लेप असतो आणि चित्र त्या लेपातच राहतं. साध्या सुती कागदाला तो आधार नाही. चांदी थेट तंतूंत जाऊन बसते, म्हणून काळा रंग कधीच पुरता गडद होत नाही. पुष्कळांना हा दोष वाटतो. ग्वाल्हेरच्या किल्ल्याची छायाचित्रं छापताना मला मात्र हाच कागद हवा असतो. इथला वालुकाश्म खरखरीत आहे, आणि चकाकी आली की चित्रातून नेमकी तीच खरखर जाते.

रीत इंग्रज संशोधक टॅलबटची, १८३० च्या दशकातली: सॉल्ट प्रिंट, म्हणजे मिठाच्या कागदावरचा छाप. शेजारच्या आग्र्यात डॉ. जॉन मरे १८५० च्या दशकात मोठाल्या कागदी निगेटिव्हवर ताजमहाल टिपत होते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्या सुरुवातीच्या मंडळींत डॉ. नारायण दाजी होते. पुढे अंड्यातल्या पांढऱ्याचा लेप दिलेला अल्ब्युमेन कागद आला, तपशील धारदार झाला आणि साधा कागद मागे पडला.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराच्या माडीवर हे काम चालतं. जाड सुती कागद आधी जिलेटिनच्या पातळ पाण्यातून काढायचा. हे टाळलं तर चांदी खोल मुरते आणि चित्र मळकट दिसतं. मग दोन टक्के मिठाचं पाणी, मीठ बिनआयोडिनचं. कागद वाळला की पिवळ्या मंद दिव्याखाली सुमारे बारा टक्क्यांचं सिल्व्हर नायट्रेट ब्रशने आधी उभं, मग आडवं. ब्रशला पत्र्याची पट्टी असेल तर काळे डाग पडतात. द्रावणाला पाणी डिस्टिल्डच घ्यावं लागतं, कारण नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडने ते लगेच दुधाळ होतं. हातमोजे विसरले तर बोटं कित्येक दिवस काळी.

चित्र निगेटिव्हएवढंच उमटतं. म्हणून निगेटिव्ह मी संगणकावरून हव्या त्या आकारात पारदर्शक फिल्मवर काढते, कागदावर ठेवते आणि फ्रेम गच्चीवर उन्हात. मे महिन्यात लू सुटली की कागद फार कोरडा पडतो, छटा रोडावतात. तेव्हा कागद आधी कूलरच्या खोलीत थोडा दमट होऊ द्यावा लागतो. मधूनमधून फ्रेमची मागची अर्धी फळी उघडून बघायचं. जांभळट तपकिरी रंग हवा त्याहून बराच गडद होऊ द्यायचा, कारण चित्र पक्कं करणाऱ्या हायपोच्या द्रावणात तो फिका पडतो. सावलीचे भाग काळे होता होता स्वतःच खालच्या चांदीवर पडदा धरतात आणि त्यांचा वेग मंदावतो. म्हणून निगेटिव्ह चांगली कडक लागते, एरवीच्या कागदावर भडक वाटेल इतकी. हायपोआधी सोन्याच्या द्रावणातून काढलं तर तपकिरी रंग थंडावून काळ्याकडे झुकतो आणि चित्र टिकतंही जास्त.

किल्ल्यातल्या राजा मानसिंह तोमरच्या मानमंदिर या महालाच्या भिंतीवर निळ्या चकाकत्या फरशांत पिवळ्या बदकांची रांग आहे. छायाचित्रकार लाला दीनदयाळ १८८२ साली ब्रिटिश अधिकारी सर लेपेल ग्रिफिनबरोबर मध्य भारताच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हाच्या साध्या काचेच्या प्लेटांना निळं जास्त आणि पिवळं फार कमी कळायचं. अशा प्लेटवर निळं फिकं उतरतं, पिवळा दगड काळवंडतो. मी मात्र निगेटिव्ह संगणकावरच्या रंगीत फोटोच्या लाल चॅनेलवरून बनवते: फरशा गडद, दगड उजळ, बदकं सुटी दिसतात. निळ्या चॅनेलवरून केलेला दुसरा छापही मी शेजारी ठेवते. त्यात आभाळ कोरं राहतं, पण भिंतीवरचं कोरीवकाम जास्त ठसठशीत येतं, आणि दगडाचाच अभ्यास करायचा असेल तर मी तोच पुढे करते.