मुले मैदानात, पालक कोठे?

पावसाळा सुरू झाला की शाळाशाळांतून क्रीडास्पर्धांचे वेध लागतात. राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयातर्फे १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलामुलींसाठी तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा चढत्या क्रमाने या स्पर्धा होतात. तेलंगणाच्या सीमेवरील आपल्या धर्माबाद तालुक्यातील मुलेही त्यांत उतरतात. मात्र मैदानावरील कामासाठी पालकांना हाक दिली की फारसे कोणी पुढे येत नाही, हा सर्वत्रचाच अनुभव आहे. असे का व्हावे?

प्रथम कामाचा व्याप पाहू. कबड्डीच्या एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून चौदा खेळाडू मैदानात असतात. त्यांच्यासाठी एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन साहाय्यक गुणलेखक अशी सहा माणसे लागतात. शिवाय मैदान आखणे, फक्की मारणे, पाणी भरणे, प्रथमोपचाराची पेटी सांभाळणे ही कामे वेगळीच. हा सारा भार बहुधा एकदोन शिक्षकांवर पडतो.

म्हणून पालकांना उदासीन ठरवणे मात्र न्यायाचे होणार नाही. स्पर्धांचा हंगाम आणि सोयाबीनच्या काढणीचा, कापूस वेचणीचा हंगाम अनेकदा एकत्र येतो. ज्याचे घर रोजच्या मजुरीवर चालते, त्याला एक दिवस मैदानावर घालवणे म्हणजे एका दिवसाची चूल अडचणीत आणणे होय. काहींना खेळाचे नियम ठाऊक नसतात. आपल्या हातून चूक झाली तर लोक बोल लावतील, ही भीती असते. तेलुगू बोलणाऱ्या घरांतील मातापित्यांना सभेत बोलण्याचा संकोच वाटतो. आणि ‘हे तर गुरुजींचे काम’ ही समजूत तर जुनीच आहे. तथापि, दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळवायचे झाले की त्यासाठी धावपळ करणारे पालकही आपल्यातच आहेत, हे आम्ही नम्रपणे नमूद करतो.

या संकोचाची सर्वाधिक किंमत मुली मोजतात. जिल्हा स्पर्धेसाठी नांदेडला जायचे असते. सोबत विश्वासाची एखादी स्त्री नसेल, तर घरचे मुलीला पाठवत नाहीत आणि तिचा खेळ तालुक्यातच संपतो. एक आई सोबत निघाली, तर साऱ्या संघाची वाट मोकळी होते.

१९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव आपणा सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे वडील स्वतः कुस्तीगीर होते. मुलाच्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी वर्गणी जमवली आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले. पदक एकाच्या गळ्यात पडले, तरी त्यामागे हात अनेकांचे होते.

आज तर कायदाही पालकांच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. क्रीडांगण व खेळाचे साहित्य यांचा उल्लेखही त्याच कायद्याच्या परिशिष्टात आहे. तेव्हा मैदानाचा विषय या समितीच्या बैठकीत मांडण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

आम्हाला वाटते, अडचण इच्छेची कमी आणि विचारण्याच्या रीतीची अधिक आहे. ‘पालकांनी सहकार्य करावे’ या मोघम सूचनेला कोणीच उत्तर देत नाही. त्याऐवजी वर्षारंभीच्या सभेत कामांची यादी करावी, प्रत्येक कामापुढे एक नाव आणि एकच दिवस लिहावा. ज्यांची काढणी आहे, त्यांना नंतरचा दिवस द्यावा. नियम न जाणणाऱ्यांना पाणी, हजेरी वा प्रवासातील सोबत सोपवावी. मातांना विशेष आग्रहाने विचारावे, आणि गरज पडेल तेथे तेलुगूतूनही विचारावे.

वर्षातून एक दिवस. आपल्या लेकरांसाठी एवढे देणे कोणत्याही घराला फार जड जाऊ नये, असे आम्हाला मनापासून वाटते.